गाडीचा आपल्यावर विश्वास नाही

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक येतं. ग्लोव्ह बॉक्समध्ये विम्याचे कागद, पीयूसी, कुठल्याशा देवळातल्या अंगाऱ्याची पुडी आणि विरून कोरी झालेली टोलची पावती यांच्याखाली ते मूळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच पडून असतं. पुढे गाडी विकली की तसंच नव्या मालकाकडे जातं. जुन्या गाडीच्या सौद्यात ‘अजिबात न वापरलेली’ म्हणून छातीठोकपणे दाखवावी अशी ही एकमेव वस्तू.

मला हे पुस्तक वाचायला आवडतं. त्यात कथानक नाही आणि भाषा सरकारी परिपत्रकाला लाजवील अशी आहे. पण माणसाच्या स्वभावाचं इतकं निर्विकार निरीक्षण फार कमी ठिकाणी सापडतं. पानोपानी एक त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह आणि शेजारी एक मनाई. डिकीत माणसं बसवू नका. एकाच पट्ट्यात दोघांना बांधू नका. गाडी पळत असताना इंजिन बंद करू नका. डॅशबोर्डवर पाय ठेवून बसू नका. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, खालची सायलेन्सरची नळी तापलेली असते. एका पायपुसण्यावर दुसरं पायपुसणं टाकू नका, ते सरकून पेडलखाली अडकतं. वाचता वाचता लक्षात येतं की यातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे कोणीतरी केलेली असणार. उगाच कोण कशाला छापेल? लिहिणाऱ्याला आपल्याबद्दल कसलाही भ्रम उरलेला नाही. हा माणूस विसरणार, पेंगणार, घाई करणार, चिडणार आणि वर ‘मला काही होत नाही’ म्हणणार, हे धरूनच सगळी गाडी बांधलेली असते.

जुन्या फियाटने असा संशय कधी घेतला नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, थंडीच्या दिवसांत ओढायचा चोक, आणि दारातली ती छोटी तिकोनी काच, जी वळवली की वारा बरोब्बर तोंडावर यायचा. दार नीट लागलंय की नाही हे कडेला बसलेल्याने खडखडाटावरून ओळखायचं. वळताना हात बाहेर काढायचा, आणि त्याच हाताने पानाची पिचकारी अडवायची की सिग्नल द्यायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. गाडी कशातच बोलत नसे. हल्ली त्या गाड्यांची आठवण काढून लोक हळहळतात: ‘काय पत्रा होता महाराजा! धडक बसली तरी पोचा नाही!’ खरंच नव्हता येत. गाडीला पोचा आला नाही की धडकेचा हिशेब आत बसलेल्यांच्या बरगड्यांकडे वळता होतो, एवढंच. आताच्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळणारं करतात. धक्का त्याने खायचा आणि माणसांपर्यंत उरलासुरला जाऊ द्यायचा. हे कळायच्या आत आपण त्या नाकापुढे लोखंडी नळ्यांचा दिमाखदार ‘बुलगार्ड’ बसवून टाकतो. केंद्र सरकारने २०१७ साली त्यांना मनाई केली. तरी बाजारात एखाद्या सभ्य हॅचबॅकला गेंड्याचा अवतार देणारे कारागीर अजून आहेत.

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांचा संशयी स्वभाव तर कायद्यानेच पक्का केला. ड्रायव्हरपुढे एअरबॅग, मागे घेताना ओरडणारे सेन्सर, पट्टा लावला नाही की टुंगटुंग, आणि वेगाची घंटा. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की ही घंटा थोड्या थोड्या वेळाने वाजते, १२० च्या पुढे गेलात की थांबतच नाही. यातली गंमत मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कळते. तिथे सपाट पट्ट्यात कारला शंभरची परवानगी आहे. म्हणजे कळंबोलीहून निघून, आपल्या लेनमध्ये, नियमाने शंभरवर जाणाऱ्या सज्जनालाही गाडी सारखी टोकत राहते. आमच्या एका काकांना हा अपमान वाटतो. ‘अगं, मी कायद्यात आहे, हिला कोण सांगणार?’ असं ते दर घंटेला काकूंना विचारतात. काकू खिडकीबाहेर बघतात.

गाडीची बाजू घ्यायची तर तिचं गणित पक्कं आहे. ८० वरून १०० वर गेलं की वेग पावपटीनेच वाढतो, पण थांबताना जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. ब्रेकला पुण्याच्या लग्नाचा मुहूर्त कळत नाही, हे गणित कळतं.

पट्ट्याच्या टुंगटुंगीवर मात्र आपण तोडगा काढला, आणि तो आपल्या कल्पकतेचा उत्तम नमुना मानायला हवा. पट्ट्याचं नुसतं टोक वेगळं विकायला आलं. ते खाचेत खुपसलं की गाडीला वाटतं माणूस बांधलेला आहे. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना ही चीज काढून टाकायला लावली, तेव्हा १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. काही विक्रेते ती बाटलीचं झाकण उघडायचं साधन म्हणून विकत होते. म्हणजे जीव वाचवायच्या खाचेत बाटलीची चावी! एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर संपादकाने ‘फार उघड प्रतीक आहे’ म्हणून कापलं असतं.

तीन ठिकाणी अडकणारा हा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीत नील्स बोहलिन या स्वीडिश इंजिनिअरने बनवला. त्याआधी तो साबमध्ये लढाऊ विमानांच्या खुर्च्या करत असे, संकटात वैमानिकाला खुर्चीसकट आकाशात उडवणाऱ्या. माणसाला बाहेर कसं फेकायचं हे ज्याला नीट ठाऊक होतं, त्यानेच त्याला आत कसं ठेवायचं ते शोधलं. कंपनीने पेटंट सगळ्यांना खुलं केलं. आपल्याकडे हा पट्टा पुढच्या सीटवर पोलिसांच्या भीतीने रुळला. मागच्या सीटवर तो सीटकव्हरच्या खाली गाडला गेला. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर काही आठवडे गावोगावी लोक मागच्या सीटच्या फटीत हात घालून बकल शोधताना दिसत होते. शेंगदाणे, बिंदी, मुलांची खोडरबरं, सगळं सापडत होतं. मग थंडावलं. सीटकव्हर शिवणाऱ्यांनी बकलांसाठी भोकं पाडून दिली तर निम्मं काम होईल. आणि सीटच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीवर तर ती जाड रेक्झिनची आवरणं चढवूच नयेत, ती बॅग फुटणार कुठून?

एअरबॅगवरून गणपती आठवला. नवी गाडी आली की चारी चाकांखाली लिंबं, पुढे नारळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक आणि डॅशबोर्डवर गणपती. लिंबं आणि नारळाला कोणाची हरकत नाही. गणपती मात्र सर्वांना दिसावा म्हणून डाव्या बाजूला, गुळगुळीत सपाट जागा पाहून, दुहेरी टेपने घट्ट बसवला जातो. ती जागा सपाट असते, कारण ते एअरबॅगचं झाकण असतं. पापणी लवण्याच्या आत ते झाकण उघडून बॅग बाहेर येते, आणि वरची मूर्तीही तितक्याच वेगाने. विघ्नहर्त्याला अशा अडचणीत टाकणं बरं नव्हे. डॅशबोर्डच्या मधोमध, वाऱ्याच्या जाळीच्या वरच्या कडेला, छोटीशी मूर्ती चिकटवली तर दर्शनही घडतं आणि झाकणही मोकळं राहतं. आमच्या ओळखीतल्या एका गुरुजींनी हल्ली पूजेच्या वेळी यजमानांना हे सांगायला सुरुवात केली आहे. दक्षिणा तेवढीच घेतात.

आता दिव्यांकडे वळू, कारण इथे आपण पुस्तकाला न विचारता स्वतंत्र भाषा उभी केली आहे. चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं लाल त्रिकोणाचं बटण आहे ना, ते बंद पडलेल्या किंवा रस्त्यात अडकलेल्या गाडीसाठी. आपल्याकडे त्याचे अर्थ पुष्कळ. चौकात लावलं तर ‘मी सरळ चाललोय’. लक्ष्मी रोडवर लावलं तर ‘इथे गाडी लावायची नाही हे मला माहीत आहे, पण दोनच मिनिटं, साडीला पिको करून घ्यायचाय’. भाताणच्या बोगद्यात लावलं तर ‘अंधार आहे बुवा’. धुवांधार पावसात लावलं तर ‘मी घाबरलोय’. यातला सरळ जाण्याचा अर्थ सगळ्यांत धोक्याचा. शेजारच्या रिक्षाआड तुमचा एक दिवा झाकला गेला की बघणाऱ्याला दुसराच एकटा लुकलुकताना दिसतो आणि तो समजतो तुम्ही वळताय. शिवाय चारही दिवे गुंतलेले असताना खरंच वळायचं म्हटलं तर सांगणार कशाने? सरळ जायचं असेल तर सरळ जावं. त्याची जाहिरात करायची गरज नाही. वळायची आहे, आणि ती मात्र आपण करत नाही.

ट्रकवाल्यांची बोली आणखी निराळी. उजवा दिवा म्हणजे कधी ‘मी वळतोय’, तर कधी ‘समोरून गाडी येतेय, थांब’. ती समजायला काही हजार किलोमीटर त्यांच्या मागून जावं लागतं, पुस्तकात तिचं व्याकरण नाही. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्राने २०१५ साली बंदी केली, पण विनंती काढून टाकल्याने आवाज कमी झाल्याचं काही जाणवत नाही.

स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या वर, बऱ्याच गाड्यांत ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं. गाडी घेऊन कितीतरी वर्षं झालेल्यांना मी त्याबद्दल विचारलं आहे. कोणी म्हणतं घड्याळाचा उजेड कमीजास्त होतो, कोणी म्हणतं मेकॅनिकसाठी आहे. ते पुढच्या दिव्यांचा झोत वरखाली करायचं असतं. मे महिन्यात कोकणातून परतताना मागे तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या, फणस, तांदळाचं पोतं असं भरलं की गाडीचा मागचा भाग बसतो आणि पुढचे दिवे वर बघू लागतात. तुम्ही बिचारे डिपरवर असता; समोरच्याला मात्र थेट डोळ्यांत प्रकाश बसतो, तो चिडून अप्पर मारतो, तुम्ही चिडून त्याला अप्पर मारता, आणि कशेडी घाटात दोन सुशिक्षित कुटुंबं एकमेकांना आंधळं करत राहतात. त्या चाकाचा आकडा वाढवला की झोत खाली येतो. आंब्याच्या हंगामात तरी ते फिरवावं.

याच वर्गातली दुसरी वस्तू म्हणजे आतल्या आरशाच्या खालचा इवलासा खटका. मागच्याने अप्पर लावलेलाच असतो, मग आपण मान तिरकी करतो, आरसा छताकडे वळवतो किंवा त्याच्या सात पिढ्यांकडे जातो. खटका पुढेमागे केला की पुरतं. त्या आरशाची काच पाचरीच्या आकाराची असते, तिचे पुढचे-मागचे पृष्ठभाग समांतर नसतात. दिवसा मागच्या चकचकीत थरावरचं प्रतिबिंब दिसतं. खटका ओढला की ते छताकडे जातं आणि नुसत्या काचेवरून परतणारा जेमतेम चार टक्के प्रकाश डोळ्यांशी येतो. वीज नाही, सेन्सर नाही. बाहेरचे आरसे मात्र आपण शहरात मिटूनच चालवतो, कुणी घासून जाऊ नये म्हणून. आरसा शाबूत राहतो, बाकीचं देवाच्या हवाली.

पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात गाडीच्या काचेवरून घरोघरी भांडणं होतात. काच धूसर होते, शेजारची व्यक्ती नॅपकिनने पुसते, ड्रायव्हर म्हणतो नीट पूस, ती म्हणते गाडी नीट चालव. कोणीतरी म्हणतं एसी बंद करा, बाहेर केवढं गार आहे! नेमकं उलट करायला हवं असतं. आतलं धुकं म्हणजे पाच जणांच्या श्वासातली वाफ, गार काचेवर बसलेली. एसी हवा नुसती गार करत नाही, तिच्यातलं पाणीही काढून घेतो. गाडी उभी असताना खाली ठिबकतं ते तेच. म्हणून एसी चालू, हवेचा रोख काचेकडे, आणि गाडीच्या चित्रात गोल वळणाऱ्या बाणाचं बटण बंद, म्हणजे बाहेरची हवा आत येईल. ते बटण आपण उन्हाळ्यात एकदा दाबलेलं असतं आणि ते ऑगस्टपर्यंत तसंच असतं. मग सगळी गाडी एकमेकांचे उच्छ्वास वाटून घेत बसते. पण कधी कधी हे सगळं करूनही काच साफ होत नाही, उलट धुकं वाढतंच. तेव्हा बोटाने एक रेघ ओढून पाहावी. रेघ उमटली नाही तर दव बाहेरच्या बाजूला आहे. एसीने काच फार गार केली आणि बाहेरची ओली हवा तिच्यावर बसली. मग वायपर फिरवायचा, गारवा थोडा कमी करायचा आणि काचेवरचा झोत काढून घ्यायचा. आतून नॅपकिन घासणाऱ्या व्यक्तीची माफी मागितली तरी चालेल.

घाट उतरण्याचं शास्त्र एसटीच्या ड्रायव्हरांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकला अधूनमधून नुसतं विचारायचं. ऑटोमॅटिक गाड्या आल्या आणि हे शास्त्र ‘डी’ वर येऊन थांबलं. बोरघाट उतरताना पुढच्या गाडीचे लाल दिवे खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत विझतच नाहीत, आणि खाली पोचल्यावर मालक उतरून चाकांभोवती हुंगत फिरतो, कुठून जळल्याचा वास येतोय म्हणून. ऑटोमॅटिकमध्येही ‘एल’ किंवा ‘वजा’ची खूण त्यासाठीच दिलेली असते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्यांशी वाद घालायचा मी सोडून दिला आहे. इंधन इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच करतात, हे सांगूनही ते हसतात. इंजिन पूर्ण बंद करणारे तर वेगळ्याच धैर्याचे. ब्रेक दाबायला इंजिनचीच मदत मिळत असते. ते बंद केलं की दोन-तीनदा दाबून झाल्यावर पेडल दगड होतं आणि स्टिअरिंगही.

एबीएसचंही तसंच. अचानक जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं, कर्र कर्र आवाज येतो, आणि जुना ड्रायव्हर घाबरून पाय उचलतो. नेमका तेव्हाच उचलायचा नसतो. दाबून धरायचं आणि वळवत राहायचं. चाक लॉक होऊ न देता सोड-धर करण्याचं काम गाडी स्वतः करते आहे, माणसाच्या पायापेक्षा कितीतरी वेगाने. एखाद्या मोकळ्या मैदानात एकदा हा थरथराट अनुभवून घ्यावा. आणि ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवू नये. याला स्पष्टीकरण लागत नाही.

सगळ्या गाडीत एकच खूण अशी आहे की जिच्यामागे संशय नाही, निव्वळ कणव आहे. इंधनाच्या काट्याजवळ, पंपाच्या चित्राशेजारचा छोटा बाण. झाकण कोणत्या बाजूला आहे ते तो सांगतो. फोर्डमधले एक इंजिनिअर, जिम मॉयलन, १९८६ साली कंपनीची गाडी घेऊन पंपावर गेले, गाडी चुकीच्या बाजूला लावली आणि पावसात भिजले. परत येऊन त्यांनी वरिष्ठांना चिठ्ठी लिहिली, एक बाण काढा. काढला. जगभर बहुतेकांनी उचलला. तरी आपल्याकडे लोक पंपावर शिरताना अजून खिडकीतून मान बाहेर काढून मागे पाहतात. आता पंपावरचा मुलगाच हाताने सांगतो, तोही एक बाणच.

अलीकडच्या गाड्यांत कॅमेरे आणि रडार आले. गाडी लेन सोडू लागली की स्टिअरिंग हळूच ओढते, पुढे कोणी अचानक थांबलं तर स्वतः ब्रेक लावते. एक्स्प्रेसवेवर हे छान चालतं. राज्यमार्गावर पट्टे एकतर पुसलेले असतात किंवा दोन वेगवेगळ्या वर्षांचे एकावर एक असतात, तेव्हा गाडी संभ्रमात पडते आणि म्हशीला पाहून तर मुळीच वाद घालत नाही. दसऱ्याला पुढच्या जाळीवर झेंडूचा भरगच्च हार चढवला की काही गाड्या रडार झाकल्याचा संदेश देऊन मोकळ्या होतात. चाकातली हवा कमी झाली की उद्गारचिन्ह घातलेली कढई पेटते, ती तर कितीतरी लोक महिनोन्‌महिने पेटती ठेवतात. सवय झाली की दिसतही नाही.

आमच्या त्याच काकांनी नवी गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याने हे सगळं भराभर दाखवलं. काकांनी लेनचं खेचणं पहिल्याच आठवड्यात बंद केलं, घंटेशी बोलणं तेवढं चालू ठेवलं. परवा ते मुंबईहून रात्री परतत होते. घाटाच्या अलीकडे समोरच्या पडद्यावर एक छोटा वाफाळता कप उगवला आणि खाली लिहून आलं, विश्रांती घ्या. स्टिअरिंग थोडं भरकटू लागलं की या गाड्यांना शंका येते. काका चक्क फूड मॉलला वळले. चहा झाला, बटाटेवडा झाला, पाय मोकळे झाले. ‘पहिल्यांदा ही काहीतरी समजूतदार बोलली,’ गाडीकडे बोट दाखवून ते काकूंना म्हणाले.

‘अहो, पनवेलपासून मी तेच म्हणतेय,’ काकू म्हणाल्या, आणि गाडीत बसून त्यांनी आधी स्वतःचा, मग काकांचा पट्टा ओढून पाहिला.